'वर ठेव'च्या पुढची चार अक्षरं

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. प्रत्यक्षात कंबर अर्ध्यावर जाऊन थांबते आणि तिथून मला परत सरळ करायचं काम आमच्या हिच्याकडे असतं.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजूनही त्यांच्याआधी तोच दारात हजर होतो? इकडे आम्ही मजेत. ही मजेत आहे, कारण गुरुवारी दुपारी मी घरात नसतो. मी मजेत आहे, कारण गुरुवारी दुपारी मी जिथे असतो तिथे मला कुणी भाजी निवडायला बसवत नाही. अप्पाही तसे बरे आहेत. 'तसे' म्हणजे कसे, ते ओघाने येईलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. गेल्या महिन्यात तू फोनवर हिला जे म्हणालीस ते माझ्या कानावर आलं आहे. अप्पांनी पुन्हा पुन्हा "कोण बोलतंय?" विचारलं आणि फोन हिच्या हातात देऊन टाकला, तेव्हा आता आपण काही तिकडे येणार नाही, ज्या बापाला मी आठवतच नाही त्याच्यासमोर येऊन मी काय करू, असं तू म्हणालीस. त्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. तुझा निर्णय, तू मोठी. हे पत्र निव्वळ साहित्यविषयक आहे. फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राचं तसं नसतं. फार तर तू ते फाडशील, पण न वाचता फाडणाऱ्यांतली तू नव्हेस, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तर झालं असं. मी सेवानिवृत्त झालो आणि घरात लक्ष घालू लागलो. आयुष्यभर मी गटारांचे नकाशे काढले. (लोक हसतात. हसू देत. पाणी येतं कुठून हे सगळे विचारतात, जातं कुठे हे फक्त आम्हालाच ठाऊक असतं.) साहजिकच आमच्या मोरीचा उतार चुकलेला आहे हे मी हिला सांगितलं, मग ओट्यावरची भांडी कोणत्या क्रमाने लावावीत हे सांगितलं, मग पोळपाट कुठल्या दिशेला असावा हे सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात हिने वाचनालयाच्या फळ्यावरची एक सूचना मला आणून दाखवली. ज्येष्ठांसाठी कवितेचा वर्ग, दर गुरुवारी दुपारी, प्रवेश खुला. मी म्हटलं, माझा आणि कवितेचा काय संबंध? ही म्हणाली, तुमचा माझ्या पोळपाटाशी जेवढा आहे तेवढाच. नाव तिने आधीच घातलेलं होतं.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरतो. शिकवणाऱ्या बाई वयाने आमच्या लेकीएवढ्या, अंगाने काडी, पण आवाज असा की मागच्या बाकावर डुलकी घेणाऱ्याचा चष्मा नाकावरून घसरावा. विद्यार्थ्यांत एक निवृत्त पोस्टमन आहेत, एक निवृत्त नर्सबाई आहेत (देह भारदस्त, माया त्याहून भारदस्त, कुणी शिंकलं की त्या नाडी बघतात), आणि आणखी काही मंडळी जी मुख्यत्वे पंख्याखाली बसायला येतात. मी पहिल्या दिवशी हाताची घडी घालून बसलो. पण ताई, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या गुरुवारी मी पेन्सिल टोकदार करून नेली. कारण बाई कविता म्हणून दाखवत नाहीत, ती उघडून दाखवतात. अगदी आम्ही जमिनीखालचं जाळं कागदावर उघडं करायचो तसं. यमक म्हणजे दोन ओळी शेवटी कुठे जोडल्या आहेत ते. वृत्त म्हणजे ओळीचा उतार, अक्षरं कशी आणि किती वाहतात ते. पुनरावृत्ती म्हणजे तोच शब्द परत का आला, कवीला दुसरा सुचला नाही म्हणून, की त्याला तिथे परत यायचंच होतं म्हणून. मला हे इतकं पटलं की मी घरी सगळ्यांच्या बोलण्याची अक्षरं मोजू लागलो. एकदा स्वयंपाकघरातून हाक आली, "दूध उतू गेलं बघा!" मी बोटांवर मोजलं, चोख आठ अक्षरं, एक कमी नाही की जास्त नाही. हे मी हिला कौतुकाने सांगायला गेलो तोवर शेगडी विझलेली होती, आणि त्यानंतर ही जे बोलली ते कुठल्याच वृत्तात बसत नव्हतं.

मग बाईंनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने एक कविता आणायची. पुस्तकातली नको, तोंडपाठ असलेली, जिभेवरची. आणि वर्गासमोर तिचं यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती उलगडायची. पोस्टमनांना म्हणे शेकडो पाठ. मला विचारशील तर शाळेतल्या कवितांच्या फक्त पहिल्या ओळी येतात, कारण दुसऱ्या ओळीपाशी गुरुजी नेहमी मला बसवायचे. हिरमुसला होऊन घरी आलो, चपला काढल्या, आणि पुढच्या खोलीतून आवाज आला. कविता घरातच होती की! सकाळ-संध्याकाळ माझ्या कानांवर पडत होती, नळाच्या आवाजासारखी, म्हणून मला ती ऐकूच येत नव्हती.

तू वर्षभरात आलेली नाहीस, म्हणून नीट सांगतो. अप्पा आता खिडकीजवळच्या खाटेवर असतात. फारसं बोलत नाहीत. मला कधी त्यांचा भाऊ समजतात, कधी ते नोकरीला होते त्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचे मालक. (मालक समजले की बरं असतं, मला जरा मान मिळतो.) पण दिवसभर मांडीवर बोटं चालू असतात, न दिसणारे कागद दुमडत, आणि तोंडाने हे:

घडीवरी घडी घाल,
सुईमागे दोऱ्या चाल,
खळ लाव, पुठ्ठा लाव,
वर ठेव...

आणि थांबतात. नुसते थांबत नाहीत. दोन्ही हात पुढे करतात, तळवे समोरासमोर, मध्ये वीतभर जागा, आणि ते तसेच हळूहळू वर उचलतात, काहीतरी जपून उचलावं तसे. मग वाट बघतात. हातांना कापरं भरेपर्यंत वाट बघतात. आपल्याकडे बघतात, दाराकडे बघतात. शेवटी हात आपोआप खाली येतात, तोंड उतरतं, आणि पुन्हा पहिल्यापासून 'घडीवरी घडी'. जेवायला बसवावं तर घास तोंडाशी नेमका हात वर असताना येतो आणि अर्धा अंगावर सांडतो. कधी कधी डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आजार असा काही नाही, वय झालं आहे, फार दिवस धरून चालू नका, त्यांना जे हवं असेल ते द्या. अहो, काय हवंय ते कळलं तर देऊ ना! नव्वदीच्या माणसाने आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलं नाही, आणि आता मागतो आहे ते आम्हाला समजत नाही. ताई, फार वाईट वाटतं गं ते बघताना.

तुला आठवतं का ते दुकान? मला तर बाईंच्या वर्गात बसल्याबसल्या त्याचा वास येतो. पिठाच्या खळीचा आंबूस वास, ओल्या कापडाचा, आणि नव्या कागदाचा. शाळा सुटली की मी थेट तिथे जायचो. तू तेव्हा मोठ्या शाळेत, तुझ्या मैत्रिणी, तुझे अभ्यास, मी तुला रस्त्यात ओळख दाखवायची नाही असा आपल्यात करार. मी आपला अप्पांच्या टेबलाखाली. अप्पांच्या अंगठ्याचं नख कागद दुमडून दुमडून एका बाजूने गुळगुळीत झालेलं होतं. त्यांच्या बनियनला कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे, आणि आई ते एकेक काढत त्यांना ओरडायची, आणि ते लहान मुलासारखे हात वर करून उभे राहायचे. शिवायला आलेले भाग मी वाचत बसायचो, टेबलावर ज्या क्रमाने पडतील त्या क्रमाने. त्यामुळे आजही मला कितीतरी पुस्तकांचा फक्त मधला भाग माहीत आहे. एका राजकन्येला राक्षसाने पळवून नेलं ते मी वाचलं आणि पुढचा भाग दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक घेऊन गेलं. ती सुटली का नाही कोण जाणे! मी अजून तिच्या काळजीत आहे.

आणि तो शिकंजा! पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, वर मोटारीच्या सुकाणूसारखं चाक. गाणं म्हणत म्हणत अप्पा पुठ्ठा लावायचे, 'वर ठेव' म्हणायचे, आणि तिथे गप्प होऊन नुसतं चाक फिरवायचे. मला वाटायचं गाणं तेवढंच आहे. एकदा मी विचारलं होतं, अप्पा, पुढे काय? चाक फिरवता फिरवता म्हणाले, पुढचं मोठं झालं. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, बरं. (लहानपणी मी फार समजूतदार होतो, हे तू कुणाजवळही कबूल केलेलं नाहीस.)

असो. गृहपाठ. मी खात्यातला जुना मोठा कागद काढला आणि कवितेचा रीतसर नकाशा केला. यमक लाल पेन्सिलीने: घाल, चाल. पुनरावृत्ती निळ्या पेन्सिलीने: घडी घडी, लाव लाव. वृत्ताला उभ्या रेघा, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. आणि चौथ्या ओळीत व, र, ठे, व, अशी चारच अक्षरं, पुढे सगळा शुकशुकाट. तिथे मी ठिपक्यांची रेघ मारली आणि सवयीने शेजारी लिहिलं, 'गळती, पाहणी आवश्यक'. वर्गात नकाशा भिंतीवर टांगला तेव्हा पोस्टमन उभे राहून बघायला आले. बाईंनी चौथ्या ओळीतल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, काका, हे कुणी केलं? मी म्हटलं, नकाशा मी, कविता वडिलांनी.

मग त्यांनी ती उघडली. 'खळ लाव, पुठ्ठा लाव' यात तोच शब्द दोनदा आला आहे, कारण हात दोनदा तेच करत आहेत, म्हणाल्या. हे वृत्त कवीने निवडलेलं नाही, कामाने ठरवलेलं आहे. आणि ज्या माणसाने सलग तीन ओळींत आठाचं माप चुकू दिलं नाही, त्याला चौथ्या ओळीत चार अक्षरं सुचली नाहीत हे मला पटत नाही. ती जागा रिकामी नाही, तिथे कुणाची तरी पाळी आहे. तुमच्या वडिलांबरोबर कोण काम करायचं? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कुणीही नाही, मी लहानपणापासून बघतो आहे. (मी लहानपणापासून बघतो आहे, पण माझ्या लहानपणापासून, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.)

बाईंचं बोलणं मला फारच तात्त्विक वाटलं. मी म्हटलं, गळती आहे ना, मग बुजवा. वर्गही उत्साहात. 'लाव'ला जुळणारी चार अक्षरं शोधायची. पोस्टमनांनी सुचवलं, 'वर ठेव तुझं नाव'. (पत्त्याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही.) नर्सबाई म्हणाल्या, 'वर ठेव दुखरा पाव', मग बोटांवर मोजून स्वतःच म्हणाल्या, एक अक्षर जास्त होतंय, पण पाय वर ठेवलेला बरा असतो. मी खात्याच्या परंपरेला धरून 'वर ठेव नवी नाव' केलं. त्याला अर्थ काय, असं सगळ्यांनी विचारलं. यमक जुळल्यावर अर्थाचा हट्ट का धरतात लोक? घरी येऊन मी एकेक ओळ अप्पांवर लावून पाहिली. त्यांनी 'वर ठेव' म्हणून हात उचलले की मी पुढचं म्हणायचं. 'तुझं नाव' ऐकून त्यांनी मान हलवली. 'नवी नाव' ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मालक असतो तर त्यांनी नोकरी सोडली असती. आमच्या हिनेही 'वर ठेव आता ताव' म्हणून पाहिलं. नाही. हात तसेच, डोळे दाराकडे. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

मग मात्र माझा धीर सुटला आणि पुढच्या गुरुवारी मी अप्पांनाच वर्गात न्यायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, जरूर आणा, कवी हयात असताना आपण अंदाज कशाला करायचे? चाकाच्या खुर्चीतून नेलं. माडीचा जिना चढवणं अशक्य, म्हणून वर्ग खाली वर्तमानपत्रांच्या खोलीत भरला आणि तिथे शांतपणे वाचत बसलेल्या तीन सभ्य गृहस्थांना विनाकारण कविता शिकावी लागली. अप्पा आधी झोपले. मी नकाशा टांगला, काठी घेतली, घसा खाकरला आणि पहिली ओळ वाचली. दुसरी मला वाचावी लागली नाही. अप्पा जागे झाले होते. मांडीवर बोटं सुरू झाली. घडी घातली, दोरा चालला, खळ लागली, पुठ्ठा लागला, 'वर ठेव' झालं, हात वर गेले. आणि थांबले.

नेमक्या त्याच वेळी नर्सबाई आत आल्या. उशीर झाला होता, उन्हातून घाईने आल्या होत्या, अप्पांच्या शेजारी लाकडी बाक मोकळा दिसला, त्या बसल्या. बसल्या म्हणजे काय, वर सांगितलंच आहे त्यांच्या देहाबद्दल. धप्प! वर्तमानपत्रं उडाली.

आणि अप्पांचे हात खाली आले. ताई, थरथरून नव्हे. सावकाश, ठरवून, काम झाल्यावर यावेत तसे मांडीवर आले. आणि त्यांचा चेहरा! मी इतक्या वर्षांत तो चेहरा पाहिला नव्हता गं. हसले, आणि मी जन्मात न ऐकलेलं म्हणू लागले:

आता हलू नको बाई,
आता डुलू नको बाई,
पान पानाला धरेल
मग उठायची घाई!

म्हटलं, नर्सबाईंच्या गुडघ्यावर थोपटलं, आणि म्हणाले, "जड झालीस गं ठके!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई डोळे पुसत होत्या आणि त्याच वेळी फळ्यावर 'बाई, बाई, घाई' असं यमकही लिहून घेत होत्या. (शिक्षक तो शिक्षकच.) नर्सबाईंना मात्र जड झालीस हे ऐकून काय वाटलं असेल या विचाराने मी घामाघूम. त्या म्हणाल्या, पन्नास वर्षांत मला कुणी इतक्या प्रेमाने हे म्हटलेलं नाही.

घरी आलो आणि नवाच पेच. ठकी कोण? आमच्या हिचे डोळे बारीक झाले. तिचं म्हणणं, नव्वदीत माणूस एखादीचं नाव इतक्या लाडाने घेतो म्हणजे काहीतरी जुनं प्रकरण असणार. मी म्हटलं, अप्पांचं प्रकरण? ज्यांना आईला हाक मारायची तर घसा खाकरावा लागायचा? तरीही रात्रीचं जेवण आम्ही त्याच चर्चेत घेतलं, आणि मी कबूल करतो, मनातल्या मनात मीही अप्पांकडे जरा नव्या आदराने बघू लागलो होतो. शेवटी सकाळी मावशीला फोन लावला. आईच्या काळातलं माणूस आता ती एकटीच. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे मला "मावशी, ठकी कोण?" हे इतक्या मोठ्याने ओरडावं लागलं की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. मावशी आधी खो खो हसली. मग म्हणाली, "अरे गाढवा, ठकी म्हणजे तुझी ताई!"

तुला हे सगळं माहीत असेलच, मला कुणीच कधी सांगितलं नाही, म्हणून मी ऐकलं तसं लिहितो. शिकंजा माझ्या जन्मानंतर आला. त्याआधी अप्पा काम घरी आणायचे. खळ लावलेली पुस्तकं एकावर एक रचायची, वर फळी ठेवायची, आणि फळीवर वजन हवं. दगड ठेवले की सरकायचे, कोपरे दुमडायचे. तू तेव्हा तीनचार वर्षांची, लाकडी ठकी-बाहुलीसारखी गोल, सारखी पायात पायात. एकदा त्यांनी तुला दोन्ही काखांत धरून उचललं आणि फळीवर ठेवलं. धप्प. वजन बरोब्बर! मग रोजचंच झालं. पण तू एका जागी बसणारी थोडीच? चुळबुळ करायचीस, आणि पुस्तकं तिरकी चिकटायची. मावशी सांगते, एका शाळेची सगळी भूगोलाची पुस्तकं अशी एका बाजूला कलली होती, आणि त्यातली पृथ्वीसुद्धा. तू हलू नयेस म्हणून अप्पांनी हे गाणं केलं. शाळेत नाव घातलं त्या दिवशी तू जाहीर केलंस, आता मला ठकी म्हणायचं नाही आणि मी फळीवर बसणार नाही, मी मोठी झाले. अप्पांनी दोन्ही ऐकलं. पुन्हा कधी त्या नावाने हाक मारली नाही, आणि गाण्याचा उरलेला भाग पुन्हा म्हटला नाही.

मी फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत जाऊन बराच वेळ त्या हातांकडे बघत बसलो. वीतभर जागा. मला वाटत होतं पुस्तकं असतील.

तर ताई, अशी ही कविता. निष्कर्ष असा, की चौथ्या ओळीत गळती नाही, तिथे चार अक्षरांच्या मापाचं एक मूल बसत होतं. नकाशावरचा शेरा मी खोडला आहे. बाई म्हणतात, दोन्ही कडवी वर्गाच्या संग्रहात घ्यायची आहेत. तेव्हा तू फक्त एवढंच कळव, की 'पान पानाला धरेल' असंच आहे, की 'पान पानाला धरील'? अक्षरं दोन्हीकडे आठच होतात, मी मोजली आहेत. बाकी विशेष काही नाही. हिचा नमस्कार. भाऊजींना खोकला नसेल तेव्हा माझा नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. 'धरेल' की 'धरील' हे न कळवलंस तरी चालेल. ते मी पत्र संपवायला काहीतरी हवं म्हणून विचारलं. निव्वळ साहित्यविषयक वगैरे जे वर लिहिलं आहे तेही खरं धरू नकोस. त्या गुरुवारनंतर आम्ही सगळं करून पाहिलं. ही बसून पाहिली, पण ती चिमणीएवढी, आवाजच होईना. मी बसलो, तर खाटेचा पाय मोडला. नर्सबाई बिचाऱ्या मुद्दाम घरी येऊन बसल्या, अप्पांनी त्यांना नमस्कार करून विचारलं, आपण कोण? हात परत वर जातात आणि डोळे दाराकडे. तू म्हणतेस त्यांना तू आठवत नाहीस. अगं, त्यांना दुसरं काहीच आठवत नाही! फोनवर त्यांनी साठी उलटलेल्या एका बाईचा आवाज ऐकला, तो त्यांनी कसा ओळखावा? ये गं ताई. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही (सायकल सोडून). त्यांनी तुला ओळखलं नाही तरी चालेल, तू नुसती त्यांच्या शेजारी बस.

ता. क. दुसरा. गुडघ्यांची सबब सांगू नकोस. स्टेशनवर मी चाकाची खुर्ची घेऊन येतो. भाऊजींच्या खोकल्याचीही सांगू नकोस, नर्सबाईंनी त्यांच्यासाठी पथ्य लिहून ठेवलं आहे. खाटेला नवीन पाय बसवला आहे, चांगला मजबूत. तुझ्याकडे बघून नव्हे, अंदाजे.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवत होतो, तर खळीच्या वासाने अप्पांनी मान वळवली. (आमच्याकडे डिंक संपला होता, हिने पीठ शिजवून दिलं.) म्हणाले, काय चाललंय? मी म्हटलं, ठकीला पत्र. पाकीट माझ्या हातातून घेतलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवून त्यांनी ते स्वतः दाबलं, म्हणून मला हे पाकिटाच्या पाठीवर लिहावं लागतं आहे. निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा उतरवतो. "वाळलं असेल आता. तिला म्हणावं, हललीस तरी चालेल." तेव्हा ताई, हल.